तक्रारीची तालीम घेणाऱ्या रेक्टरबाई

रेक्टरबाई कोणत्याही खोलीत शिरण्यापूर्वी उंबऱ्यावर थांबत आणि वास घेत. मान किंचित वर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि नाकाने ओढलेला एक सावकाश श्वास. मगच पाऊल आत. वसतिगृहाची खोली असो, प्राचार्यांचे दालन असो की कसबा पेठेतील माझे दुकान असो, या क्रमात त्यांनी कधी फरक केला नाही. माझ्याकडे त्या प्रथम आल्या तेव्हा मी, प्रथेप्रमाणे, उठून उभा राहिलो व बसण्याची विनंती केली. त्या बाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "बसते. आधी आपल्या प्रिंटरची पिन काढा, वायर जळते आहे." मी टेबलाखाली वाकून पाहिले. पिन हाताला चटका देण्याइतकी तापलेली होती. अशा रीतीने आमचा परिचय झाला.

बाईंचा सर्व नोकरीकाळ खडकीला, दारूगोळा तयार होतो तेथे, सुरक्षा विभागात गेलेला होता. ज्या इमारतीत काडीपेटी खिशात घेऊन जाणे हाच गुन्हा, तेथे त्या वावरल्या. आग लागल्यावर धावणाऱ्याचे कौतुक जगभर होते, परंतु लागण्यापूर्वी 'मला वास येतो आहे' असे सांगणाऱ्याची कदर त्यांच्या विभागात होत असे, आणि ती शिकवण घेऊनच त्या निवृत्त झाल्या. पती वारलेले, मूलबाळ नाही. घरी बसणे स्वभावात नसल्यामुळे त्यांनी पेठेतील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा कराराने पत्करली. मुली मागून त्यांना 'नाकबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. "अवयव तरी योग्य निवडला," एवढेच त्या म्हणत.

प्रस्तुत लेखक अर्जलेखक आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. शालेय शिक्षण नववीपर्यंत. परंतु कसब्यातील निम्म्याहून अधिक गाऱ्हाणी माझ्या भाषेत सरकारदरबारी पोहोचलेली आहेत, हे कोणीही मान्य करील. बाईंचे पहिले काम किरकोळ होते. वसतिगृहाच्या जिन्यावरील दिवा बंद होता आणि कार्यालय लक्ष देत नव्हते. मी 'अत्यंत शोचनीय', 'अंधकारमय' आणि 'भावी पिढीच्या पाऊलवाटेवरील' अशी रचना करून मजकूर वाचून दाखविला. बाईंनी शांतपणे ऐकले. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण विशेषणाने दिवा लागत नाही. जिना कुठला, दिवा कधीपासून बंद, पडलं कोण, एवढंच लिहा." मला राग आला, हे मी लपवीत नाही. तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी दिवा लागला. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक कागद माझ्याच टेबलावर तयार होऊ लागला आणि त्या मला 'अर्जवाले' म्हणून हाक मारू लागल्या.

रॅगिंग या विषयाबाबत बाईंचे मत त्यांच्या जुन्या नोकरीतून आलेले होते. वसतिगृहाच्या दर्शनी भागात रॅगिंगविरोधी नियमांचा मोठा फलक होता. तो इंग्रजीत होता आणि पाणी थंड करण्याच्या यंत्रामागे होता. बाईंनी यंत्र हलविले आणि फलकाचा मजकूर मराठीत करण्याचे काम मजवर सोपविले. मी सुरुवात 'ज्याअर्थी' या शब्दाने केली होती. बाईंनी माझ्या हातातून पेन घेतले आणि स्वतः लिहिले: 'कोणी तुला उभं केलं, राबवलं, नाचवलं, रडवलं, तर बाईंना सांग. बाईंनीच केलं, तर प्राचार्यांना सांग. तुला नाही केलं पण तू पाहिलंस, तरी सांग.' मुली प्रवेशाच्या वेळी संगणकावर रॅगिंग न करण्याचे हमीपत्र भरत असत, ते शेजारच्या सायबर कॅफेत माझ्यादेखत भरले जाई, आणि एकही मुलगी ते वाचत नसे. बाईंना मी ही गोष्ट सांगितली. "हमी कागद देत नाही, अर्जवाले," त्या म्हणाल्या, "हमी माणूस देतो." आणि त्याच आठवड्यात त्यांनी सुतार बोलावून मुलींच्या बैठकीच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. धोक्याच्या खोलीला आतून कडी नसते, हा त्यांच्या विभागातील नियम होता.

परंतु बाईंचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तक्रारीची तालीम. कारखान्यात जशी खोटी आग लावून खरी घंटा वाजवितात व सर्वांना मैदानात पळवितात, तशी त्यांनी वसतिगृहात तक्रारीची रंगीत तालीम सुरू केली. नवीन मुली आल्या की पहिल्याच शनिवारी, चहानंतर, सर्वांनी जेवणघरात जमायचे. भिंतीवर घंटेचे बटण. प्रत्येक मुलीने यायचे, बटण दाबायचे, स्वतःचे नाव सांगायचे आणि कशाची तरी तक्रार मोठ्याने करायची. कशाचीही. "पहिली तक्रार आयुष्यात फार जड जाते," बाई मला म्हणाल्या, "ती हलक्या विषयावर करून टाकलेली बरी. मग तोंडाला सवय लागते."

मला त्या कार्यक्रमास तज्ज्ञ म्हणून निमंत्रण होते. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो, तक्रारशास्त्राचा इतिहास या विषयावर प्रास्ताविक केले आणि नंतर कागद घेऊन बसलो. तो प्रसंग आठवला की आजही अंगात स्फुरण चढते. एक मुलगी म्हणाली, गीझरचे पाणी तिच्या खोलीच्या वेळेलाच थंड होते. दुसरी म्हणाली, बाई दार वाजवितात आणि उत्तराची वाट न पाहता वास घेतात. तिसरी, सोलापूरची, ठसक्यात म्हणाली, "पाहुणे फार वेळ बोलले." सभागृह हसले. बाईंनी मला खूण केली, 'लिहा.' मी लिहिले. प्रत्येक तक्रारीला त्याच दिवशी उत्तर मिळाले. माझ्या बाबतीत असे ठरले की पुढील वर्षी प्रास्ताविक नसावे. घंटा सतत वाजत होती, मुली रांगेत एकमेकींना ढकलत होत्या, आणि एवढीशा आवाजाच्या मुली तिसऱ्या-चौथ्या वाक्याला छाती पुढे काढून बोलू लागत होत्या. मी अनेक मोर्चे पाहिले आहेत. असा एकही पाहिलेला नाही.

रांगेत अखेरीस पल्लवी आली. वाशीमकडची, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पुण्यात प्रथमच. बटण दाबून ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही." बाई म्हणाल्या की असे होऊच शकत नाही, सकाळी पोहे खाल्ले ना, मग पोह्यांबद्दल सांग. तशी पल्लवी एकदम मनापासून बोलली, "पोह्यात साखर टाकतेत इथं. गोड पोहे कोनी खातेत का?"

हशा झाला. तो आधीच्या हशासारखा नव्हता. मागच्या बाकावर दुसऱ्या वर्षाच्या मुली होत्या, त्यांच्यातून कोणीतरी ते वाक्य तसेच म्हणून दाखविले आणि पुन्हा हशा झाला. पल्लवी जागेवर जाऊन बसली. बाईंनी दुसऱ्या दिवशी बिनसाखरेचे पोहे करविले, वर वऱ्हाडात घालतात तशी झणझणीत तर्री, म्हणजे तिखट रस्साही, घालायला लावली, आणि विषय संपला असे आम्हां दोघांनाही वाटले.

तो संपला नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलींची पुढारी मयूरी नावाची होती. जळगावची, अभ्यासात पहिली, आणि वाईट म्हणता येणार नाही अशी. नवीन मुलींना जुन्या प्रयोगवह्या देणे, कोणी आजारी पडली तर रिक्षा करून दवाखान्यात नेणे, हे तीच करी. त्यामुळेच तिच्याविरुद्ध कोणी बोलत नसे. तिने पल्लवीचे नाव 'तर्री' ठेविले. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर ती व तिच्या मैत्रिणी संध्याकाळी बसत आणि त्याला त्यांनी 'टोलनाका' असे नाव दिले. पल्लवी वर जाऊ लागली की तिला थांबवायचे. तिने एक वाक्य वऱ्हाडीत बोलायचे, मग वर. वाक्य आवडले नाही तर दुसरे. रडून बोलायचे, लाजून बोलायचे, भांडून बोलायचे. मोबाईलवर ते टिपले जाई आणि वर्गाच्या गटात जाई. कोणी हात लावला नाही, कोणी शिवी दिली नाही. सबब, सर्वांच्या मते ती गंमत होती.

पल्लवीने त्यावर एकच उपाय शोधला. तिने बोलणेच बंद केले. जिन्यावर नाही, वर्गात नाही, तोंडी परीक्षेतही नाही. बाईंच्या लक्षात आले, जिन्यावरच्या टोलनाक्याची कुणकुणही त्यांच्या कानी आली. त्यांनी तिला खोलीत बोलावून विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, "माझी काही तक्रार नाही." बाईंनी ही गोष्ट माझ्या दुकानात येऊन सांगितली तेव्हा त्या प्रथमच उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि बसल्या. मी म्हणालो की तक्रारदारच नसेल तर तक्रार उभी राहत नाही, हा आमच्या व्यवसायातील मूळ सिद्धान्त आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिले. "धुराने भरलेल्या खोलीत गुदमरलेला माणूस ओरडत नाही, अर्जवाले. त्याच्या छातीत ओरडायला हवा नसते. ओरडायचं असतं ते दारात उभ्या असलेल्याने." मग म्हणाल्या, "आणि माझ्या जिन्यावर इतक्या मुली रोज चढतात-उतरतात. एकीनेही घंटा दाबलेली नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. खाकी पँट, हातात कापडी पिशवी, नखांत काळे वंगण. मुलीचा महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढण्यासाठी अर्ज हवा होता. महाविद्यालयाच्या कार्यालयाने त्यांना माझ्याकडे धाडले होते. मी कागद घेतला आणि नियमाप्रमाणे कारण विचारले.

"कारन लिवू नका," ते म्हणाले.

मी म्हणालो की कारणाशिवाय अर्ज म्हणजे चाकाशिवाय गाडी. ते हसले नाहीत. खाली पाहून म्हणाले, "पोरगी बोलूनच नाही रायली, साहेब. फोनवर नुसती हं-हं करते. एवढी बोलकी पोरगी होती माही. इथं ठेवून काय करू? मुकी घेऊन जाण्यापरीस लवकर नेलेली बरी."

मुलीचे नाव विचारण्याची आवश्यकता राहिली नव्हती. मी त्यांना बसविले, चहा मागविला आणि सांगितले की या अर्जाचा मसुदा विशेष स्वरूपाचा असल्याने वेळ लागेल. मग बाजूला जाऊन बाईंना फोन केला. बाई कसब्याच्या बोळांतून चालत, धापा टाकीत आल्या. त्यांनी त्या गृहस्थांसमोर खुर्ची ओढली आणि पहिले वाक्य असे उच्चारले की तसे मी कोणत्याही अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाही.

"भाऊ, ही चूक माझ्यापासून सुरू झाली आहे. मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. उद्याही पल्लवी घरी जाते म्हणाली, तर अर्ज मीच लिहवून घेईन आणि स्टेशनवर सोडायला येईन."

त्यांनी समोरचा कोरा कागद माझ्याकडे सरकविला. मग मला म्हणाले, "मंग आज नका लिवू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणघरात सर्व मुली जमविण्यात आल्या. पल्लवीचे वडील दाराशी उभे होते. बसा म्हटले तरी बसेनात. मला कागद घेऊन येण्याचा निरोप होता. तालीम आहे असे समजून मुली हसत-खिदळत आल्या. बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि स्वतः बटण दाबले. घंटा त्यांनी बराच वेळ सोडली नाही. हळूहळू सर्व शांत झाले.

"लिहा, अर्जवाले," बाई म्हणाल्या. "तक्रार करणारी, मी. तक्रार माझ्याविरुद्ध. मी एका नव्या मुलीला सगळ्यांसमोर बोलायला लावलं. तुम्ही हसलात. ते हसणं कसलं आहे हे मला कळलं, आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पोहे बदलले, म्हणजे सगळं झालं असं समजले. त्यानंतर जिन्यावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय. मी माझी तक्रार केली आहे. आता ज्यांनी पाहिलं त्यांनी करावी. जिच्यावर झालं तिला कोणी एक शब्द विचारणार नाही."

मी आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्धच्या तक्रारी लिहिल्या. पदावर असताना स्वतःविरुद्ध तक्रार देणारी व्यक्ती मी पाहिलेली नव्हती. कोणी उठेना. मयूरी सरळ बसली होती, तिच्या बाजूच्या मुली टेबलाकडे पाहत होत्या. पल्लवी कोपऱ्यात, ओढणीचे टोक मुठीत.

मग ती सोलापूरची मुलगी उठली, जिने माझ्या प्रास्ताविकाची तक्रार केली होती. पल्लवीची खोलीतील जोडीदार तीच होती. तिने बटण दाबले आणि आपले नाव सांगितले. म्हणाली, "मी रोज तिच्या पाठीमागनं जिना चढत होते. तिला थांबवायचे, मी कडेकडेनं वर जायचे. मला कुणी अडवलं नाही म्हणून मला बरं वाटायचं. लिवून घ्या." एवढे बोलून ती बसली आणि रडू लागली. तिच्या पाठोपाठ दुसरी उठली. मग आणखी एक. घंटा, नाव, पाहिलेले. घंटा, नाव, पाहिलेले. जिना कुठला, कोण बसले होते, काय बोलायला लाविले. एकही विशेषण नाही. माझे पेन धावत होते, कागद अपुरे पडले तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी किराण्याच्या पिशव्या फाडून दिल्या. सर्वांत शेवटी मयूरीची सर्वांत जवळची मैत्रीण उठली. बटणापाशी ती थबकली, तिने मयूरीकडे पाहिले, आणि दाबले. "मोबाईलवर मी टिपत होते," ती म्हणाली.

मयूरी उठली नाही. पण तिने नाकारलेही नाही.

सर्व झाल्यावर पल्लवी उठून वडिलांकडे गेली. आम्ही सर्व दुसरीकडे पाहू लागलो, तरी कान तिकडेच होते. तिने वडिलांच्या हातातील पिशवी घेतली, त्यातील डबा काढून घेतला आणि पिशवी परत दिली. म्हणाली, "तुमी जा, बाबा. माही परीक्षा हाये."

त्या गृहस्थांनी तोंडावरून हात फिरविला. बाहेर पडताना माझ्यापाशी थांबून, अर्ज न लिहिताच माझी मजुरी देऊ लागले. मी ती अर्थातच नाकारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे गेली. दुपारी महाविद्यालयाचे कारकून माझ्या टेबलापाशी आले. त्यांची इच्छा अशी की मयूरीकडून एक माफीपत्र आणि पल्लवीकडून 'माझी काही तक्रार नाही' असे एक पत्र तयार व्हावे, म्हणजे प्रकरण घरातल्या घरात मिटेल. मी त्यांना सांगितले की ते वाक्य त्या मुलीने अनेकदा म्हटलेले असून त्याचा परिणाम सर्वांना विदित आहे. सबब हे टेबल त्या कामासाठी उपलब्ध नाही. ते म्हणाले, "अहो, एवढं काय, मुलींची गंमत ती." मी म्हणालो, "मग आपण उद्यापासून आमच्या कसब्याच्या चौकात उभे राहून रोज एक वाक्य बोलून दाखवा. आम्ही हसू." ते निघून गेले. ही भाषा माझी नव्हती. बाईंच्या सहवासाने ती माझ्यात उतरली होती.

समितीने मयूरीला वर्षभरासाठी वसतिगृहातून काढले, महाविद्यालयातून नाही. आणि उन्हाळ्यात, करार संपला तेव्हा, व्यवस्थापनाने बाईंचा करार पुढे वाढविला नाही. कारण दिले गेले नाही. मी पेटून उठलो. रात्रंदिवस खपून मी एक निवेदन तयार केले, आणि या वेळी विशेषणे मुक्तहस्ते वापरली. बाईंनी ते वाचले, घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेविले. "हे मी ठेवून घेते, कारण माझ्याविषयी इतकं चांगलं कोणी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पाठवायचं नाही. मुलगी राहिली ना? मग माझं जाणं स्वस्तात पडलं."

पुढे काही आठवड्यांनी मी त्यांच्या खडकीच्या घरी गेलो. दार मयूरीने उघडले. हात ओले, केस वर बांधलेले, मागे टेबलावर पुस्तके पसरलेली. मी पायरीवरच थिजलो. प्रकार असा होता की वसतिगृहातून काढल्यावर तिला पुण्यात राहण्यास जागा नव्हती, आणि घरी कळते तर वडील शिक्षण थांबवून लग्न उरकणार होते. बाईंनी तिला आपल्या घरी आणले होते. मी माझा निषेध स्पष्ट शब्दांत नोंदविला. ज्यांनी शिक्षा मिळवून दिली त्यांनीच आसरा द्यावा, हे कोणत्या न्यायात बसते, असे मी विचारले. बाई भाजी निवडीत होत्या. "शिक्षा वसतिगृहातून काढण्याची होती," त्या म्हणाल्या, "रस्त्यावर ठेवण्याची नव्हती. आणि अर्जवाले, ही माझ्याकडे राहते म्हणजे मजेत राहते असं समजू नका. तिला विचारा." मयूरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज पहाटे उठवतात, काका. आणि खोलीत येताना वास घेतात." तिच्या आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता. परंतु ती बोलत होती, आणि बाई हसत होत्या.

एक वर्ष असे गेले. मग बाईंचे धाकटे बंधू सिन्नरला आजारी पडले, त्यांचे करणारे दुसरे कोणी नव्हते. बाईंनी पुणे सोडण्याचे ठरविले. घर भाड्याचे होते, ते सोडावे लागणार होते. मयूरीचे शेवटचे वर्ष बाकी होते. शिक्षेचा काळ संपलेला होता, वसतिगृहात जागाही होती. नव्या रेक्टरांनी मात्र सांगितले की ज्या मुलीवर प्रकार झाला तिची हरकत नसेल तरच प्रवेश देऊ. बाईंनी मला बोलावून घेतले आणि स्वतः शब्द सांगून मयूरीचा अर्ज लिहविला. त्यांनी कोणासाठी विनंतीचा शब्द सांगितलेला मी तेव्हा प्रथम ऐकला. खाली पल्लवीच्या संमतीसाठी एक ओळ मोकळी सोडण्यात आली.

पल्लवी आली. मी तिला त्या वर्षात पाहिले नव्हते. केस कापलेले, पाठीवर मोठी पिशवी, चाल ठाम. बाईंनी तिला सर्व सांगितले, काहीही न लपविता. आपण सिन्नरला जातो आहोत हे, मयूरीचे घरचे हे, आणि ती बदलली आहे असे आपल्याला वाटते हेही. मी पेनाचे टोपण काढून तयार बसलो होतो. माझ्या मनात किंचितही शंका नव्हती. ज्या बाईंमुळे ही मुलगी पुण्यात टिकली, ज्यांची नोकरी तिच्यापायी गेली, त्या समोर बसून विचारीत आहेत. नकाराचा प्रश्न कोठे येतो. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला होता.

पल्लवीने अर्ज पूर्ण वाचला. मग तो टेबलावर ठेवून सरळ बाईंकडे पाहिले.

"नाही, बाई," ती म्हणाली. "तिनं शिकावं. तिचं चांगलं व्हावं. पन माह्या जिन्यावर नको."

मी थक्क झालो. मी काही बोलणार होतो, कृतज्ञता या विषयावर मला बरेच सांगता आले असते. परंतु माझी दृष्टी बाईंकडे गेली. बाईंचा चेहरा असा उजळला होता की मला प्रथम कळेना, यांना काय झाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. त्यांनी पुढे वाकून पल्लवीचे दोन्ही हात धरले. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"नाही," पल्लवी म्हणाली. या वेळी तीही थोडी हसली.

बाईंनी मला अर्ज फाडण्यास सांगितले. मग आतल्या दिशेने तोंड करून त्यांनी हाक मारली, "मयूरी, उत्तर ऐकलंस. चप्पल घाल. शेजारच्या काकूंची माडी रिकामी आहे, आत्ताच बोलून येऊ." मयूरी दारात आली. तिने पल्लवीकडे पाहिले. मान खाली घालून ती "हो, बाई" एवढेच म्हणाली आणि चप्पल घालू लागली.

माडी ठरली. नंतर बाई पल्लवीला खडकी स्टेशनपर्यंत सोडण्यास निघाल्या, मी मागे होतो. पल्लवी सर्व रस्ताभर बोलत होती. नव्या रेक्टरांविषयी, वेळेवर न येणाऱ्या प्राध्यापकांविषयी, सुट्टे नसल्याचे सांगणाऱ्या रिक्षावाल्यांविषयी. मोठ्याने, वऱ्हाडीत, हातवारे करीत. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते आणि तिला त्याची पर्वा नव्हती. बाई एक शब्दही न बोलता, मान किंचित तिच्याकडे झुकवून, ऐकत चालल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या सिन्नरला गेल्या. परंतु बाई म्हटले की मला त्या तशाच दिसतात, आयुष्यभर धोक्याची चाहूल घेत चाललेली ती बाई, एका मुलीची बडबड ऐकत, इतकी निर्धास्त, की समोरून आलेल्या टेंपोने कर्णा वाजविला तेव्हा दोघींना बाजूला ओढण्याचे काम मला करावे लागले.